शाळेतील आरशाची दुर्बीण : निगा, दुरुस्ती आणि सुधारणा

(इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकण, महाळुंगेपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील शाळांना अलीकडे कारखान्यांकडून निरनिराळे साहित्य देणगीदाखल मिळू लागले आहे. कंपनी कायदा २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेपलीकडे नफा अगर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान दोन टक्के भाग समाजोपयोगी कामांवर खर्च करावा, असे बंधन आहे. त्यातून बाके येतात, संगणक येतात, पाण्याच्या टाक्या येतात. आणि क्वचित एखाद्या शाळेत दुर्बीणही येते. पहिल्या महिन्यात तिच्यातून चंद्र दाखविला जातो, छायाचित्रे निघतात, पुढे एकदोनदा गुरू शोधण्याचा प्रयत्न होतो. तो नुसता पांढरा ठिपका, नाहीतर थरथरणारा पुंजका दिसतो. मग दुर्बीण कपाटात जाते. ‘लहान आहे, म्हणून दिसत नाही’ असा समज होतो व पुढील वर्षी अधिक मोठ्या दुर्बिणीची मागणी केली जाते.

हा समज बहुधा चुकीचा असतो. शाळांतून आढळणाऱ्या दुर्बिणींपैकी बऱ्याच आरशाच्या, म्हणजे न्यूटनच्या पद्धतीच्या असतात. त्यांतील दोष आरशाच्या आकारमानात क्वचितच असतो. आरसे एका रेषेत नसणे, बैठक डळमळीत असणे आणि नेत्रिका अयोग्य असणे, ही तीन कारणे बहुतेक प्रसंगी पुरेशी असतात. तिन्हींचा उपाय शाळेत अथवा गावातील सुताराच्या मदतीने होऊ शकतो. तेव्हा आहे तीच दुर्बीण आधी पूर्ण कामास लावावी आणि नंतरच मोठीचा विचार करावा.

प्रथम तिची रचना समजून घेतली पाहिजे. भिंगातून जाताना पांढऱ्या प्रकाशाचे निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात व प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येते. आरशावरून परावर्तन होताना हा दोष उद्भवत नाही. हे ध्यानी घेऊन आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची पहिली दुर्बीण तयार केली. तिची नळी जेमतेम वीतभर लांब असून आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. आजच्या दुर्बिणीत काचेच्या तबकडीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. पण मांडणी तीच आहे. नळीच्या उघड्या तोंडातून प्रकाश आत शिरतो, तळाशी असलेल्या अंतर्गोल मुख्य आरशावर आदळून परत फिरतो, तोंडाजवळ ४५ अंशांत बसविलेल्या छोट्या सपाट आरशाने बाजूस वळतो आणि नळीच्या कुशीतील नेत्रिकेपाशी येतो. विद्यार्थी बाजूने पाहतो व तारा वर असतो, याचे मुलांना नेहमीच नवल वाटते. प्रतिमा उलटी दिसते. ती तशीच असावयाची, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर काही मुले दुर्बीणच उलटी धरू पाहतात.

हे तत्त्व वर्गात दाखविण्यास दाढीचा अंतर्गोल आरसा पुरतो. वर्गाच्या दूरच्या टोकाला एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. आरसा खिडकीकडे धरून त्याच्यापुढे पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद मागेपुढे करावा. एका विशिष्ट अंतरावर कागदावर खिडकीचे लहानसे, उलटे, रंगीत चित्र उमटते. खिडकी पुरेशी दूर असेल, तर आरशापासून कागदापर्यंतचे हे अंतर म्हणजे जवळजवळ त्या आरशाचे नाभीय अंतर होय. पट्टीने ते मुलांकडूनच मोजवून घ्यावे. प्रयोगासाठी आरसा सूर्याकडे मात्र मुळीच धरू नये.

मुख्य आरसा किती नाजूक कामाचा असतो, हे या भागातील मुलांना इतरांपेक्षा लवकर समजेल. कारण त्यांच्यापैकी अनेकांचे पालक कारखान्यात मायक्रोमीटर हाताळतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे काय, हे घरी बोलले जाते. १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घ्या. त्याची मध्यभागीची खोली फक्त सुमारे १.१७ मिलिमीटर असते. उत्तम प्रतिमेसाठी त्याचा पृष्ठभाग गोलाचा नव्हे, तर अन्वस्ताचा, म्हणजे फेकलेला चेंडू हवेत जी वक्ररेषा काढतो त्या जातीच्या वक्राचा असावा लागतो. पण एवढ्या उथळ आरशात गोल व अन्वस्त यांच्या खोलीतील फरक काठापाशी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या अवघा तिप्पट भरतो. शंभराव्या भागाच्या चुकीपेक्षा हा तीस-पस्तीस पटींनी लहान आहे. म्हणूनच लांब नळीच्या लहान दुर्बिणींत गोलीय आरसाही चालून जातो. आखूड नळीच्या दुर्बिणीत मात्र चालत नाही.

इतके सूक्ष्म काम हाताने होते, हे खरे वाटत नाही. परंतु ते होते. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधील बाथ येथे संगीत शिकवून पोट भरणारा मनुष्य. त्याने स्वतः घासलेल्या सुमारे सव्वासहा इंची आरशाच्या न्यूटनी दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी घराच्या बागेतून युरेनस ग्रह शोधला. आरशास झिलई देताना हात थांबविता येत नसल्याने त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवीत असे. आजही आरसा घासण्याची रीत फारशी बदललेली नाही : काचेच्या दोन तबकड्या, त्यांच्यामध्ये क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी कार्बोरंडमची पूड, शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडची झिलई. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे आयुकाने, दुर्बीण बांधणीच्या कार्यशाळा भरविल्या असून त्यांत शिक्षकांनी व हौशी मंडळींनी असे आरसे स्वहस्ते घडविले आहेत. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था ही १९४४ पासून चालत आलेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. शंका विचारण्यास जवळपास कोणी नाही, अशी स्थिती या भागात तरी नाही.

आता दुर्बीण मागवावयाची झाल्यास काय मागावे, याविषयी. देणगीदार ‘शाळेला काय पाहिजे?’ असे विचारतो, तेव्हा शिक्षकाने मोघम ‘दुर्बीण’ म्हणू नये. कारण मग खोक्यावर ‘६७५ पट मोठे दाखविते’ असे छापलेले खेळणे येण्याचा संभव असतो. दुर्बिणीची खरी योग्यता मुख्य आरशाच्या व्यासावर ठरते. अंधारात मनुष्याच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. वाढीची मर्यादाही व्यासावरच अवलंबून आहे. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे वाढ नेली, तर प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवीन काही दिसत नाही. आपल्याकडील हवेत तर बहुतेक रात्री दीडशे-दोनशे पटींपलीकडे जाण्यात अर्थ नसतो.

दुसरी कसोटी मोजपट्टीची आहे. खऱ्या न्यूटनी दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराच्या जवळपास असते. नळीवर ‘नाभीय अंतर १००० मि.मी.’ असे लिहिलेले आणि नळी मात्र अर्ध्या मीटरची, असे आढळले, तर नेत्रिकेच्या नळकांड्यात एक जादा भिंग दडविलेले आहे, असे समजावे. अशा दुर्बिणीचे आरसे जुळविणे अनुभवी माणसासही जड जाते. शाळेने ती घेऊ नये. तिसरी गोष्ट नेत्रिकेच्या तोंडाची : ते सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिलिमीटरचे असावे. जुन्या व स्वस्त दुर्बिणींत ते २४.५ मिलिमीटरचे असते आणि त्यात बसणाऱ्या चांगल्या नेत्रिका सहसा मिळत नाहीत. या तिन्ही कसोट्या ध्यानात घेता शाळेसाठी १५० मिलिमीटर व्यासाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची, लाकडी डॉब्सन बैठकीची दुर्बीण हा सर्वांत निर्धोक पर्याय होय. ११४ मिलिमीटर व्यासाची व ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आधीच शाळेत असेल, तर तीही मुळीच टाकाऊ नव्हे.

कपाटातून बाहेर काढलेल्या दुर्बिणीचा आरसा विजेरीच्या उजेडात पाहिला, की त्यावरील धूळ पाहून शिक्षकाचा हात आपोआप फडक्याकडे जातो. तो आवरावा. धुळीमुळे प्रकाश थोडाच कमी होतो, पण कोरड्या फडक्याने ॲल्युमिनियमच्या थरावर ओरखडे पडतात व ते कायमचे राहतात. मेणचटपणा किंवा बुरशीचे डाग असतील, तरच आरसा धुवावा. तो त्याच्या घरातून अलगद काढून आधी वाहत्या पाण्याखाली धरावा. मग भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोनचार थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात ठेवून, पाण्याखालीच कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने एकदा ओढून न्यावा. दाबू नये, गोल फिरवू नये. शेवटी बॅटरीच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी ओतून आरसा उभा टेकवून वाळवावा. वर्षातून एकदा हे पुष्कळ झाले. आरसा दिव्यासमोर धरल्यावर थरातून ठिकठिकाणी प्रकाश पार दिसू लागला, तर नवा थर देण्याची वेळ आली, असे समजावे. ते काम निर्वात पात्रात होते व शाळेत होण्यासारखे नाही. परंतु त्यासाठी केवळ आरसा पाठवावा लागतो, सबंध दुर्बीण नव्हे.

आरसा बाहेर असतानाच एक छोटे काम उरकून घ्यावे. आरशाच्या मापाचा कागद कापून, त्याची चौघडी घालून मध्य काढावा आणि त्या मध्यावर, फायलीतील कागदाची छिद्रे फाटू नयेत म्हणून लावतात ते चिकट कागदी कडे, आरशाच्या मध्यभागी हलकेच चिकटवावे. आरशाचा हा भाग लहान आरशाच्या सावलीत असल्याने प्रतिमेवर काहीच परिणाम होत नाही. पुढील सर्व जुळणी या कड्यावर अवलंबून आहे.

जुळणी दिवसा, व्हरांड्याच्या उजेडात करावी आणि नळी आडवी ठेवावी, म्हणजे हातातून पेचकस सुटलाच, तर तो आरशावर पडणार नाही. नेत्रिकेच्या जागी घट्ट बसेल असे एखादे प्लॅस्टिकचे टोपण घेऊन त्याच्या बरोबर मध्यभागी दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे व त्यातून पाहावे. पहिल्याने लहान आरसा नळकांड्याच्या मध्यभागी दिसतो की नाही, ते पाहावे. नंतर त्याच्या पाठीमागील तीन स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून मुख्य आरसा त्यात पूर्ण दिसेल, त्याला धरून ठेवणाऱ्या तिन्ही चिमट्यांची टोके सारखी दिसतील, असे करावे. शेवटी नळीच्या बुडाकडील स्क्रूंकडे वळावे. तेथे बहुधा तीन स्क्रू जुळणीचे व तीन घट्ट करण्याचे असतात. घट्ट करण्याचे आधी सैल करून घ्यावेत. एकाने छिद्रातून पाहावे व दुसऱ्याने बुडाशी बसून स्क्रू फिरवावा. लहान आरशाच्या प्रतिबिंबातील टोपणाचे छिद्र कागदी कड्याच्या बरोबर आत आले, की जुळणी झाली. पहिल्या खेपेस याला तास लागतो, दहाव्या खेपेस तीन मिनिटे. एकदा आरसे चुकीच्या दिशेला पूर्ण भरकटले, की नवखा मनुष्य घाबरतो. तेव्हा सर्व स्क्रू मध्यावर आणून पहिल्यापासून आरंभ करावा, मोडले काहीच नसते.

रात्री खात्री करून घेण्यासाठी एखादा ठळक तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणून प्रतिमा किंचित अस्पष्ट करावी. एकात एक वर्तुळे दिसली, तर जुळणी उत्तम; ती एका बाजूस झुकलेली दिसली, तर बुडाचा स्क्रू आणखी थोडा हलविणे आवश्यक आहे. पण त्याआधी दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर उघड्यावर ठेवलेली असली पाहिजे. आरसा हवेएवढा थंड होईपर्यंत नळीत उष्ण हवेचे लोट फिरत राहतात आणि चांगली दुर्बीणही नादुरुस्त भासते. याच कारणासाठी शाळेच्या गच्चीवर अथवा पत्र्याच्या छपराआडून निरीक्षण करू नये. दिवसभर तापलेले काँक्रीट व पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत असतात. मातीचे किंवा गवताचे मैदान केव्हाही बरे.

यानंतर बैठक. दुर्बिणीवर बोटाने टिचकी मारावी आणि तारा किती वेळ थरथरतो, ते मोजावे. दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ थरथरला, तर त्या बैठकीवर कितीही मोठा आरसा लावला, तरी व्यर्थ. बारीक पायांच्या तिवईस तात्पुरता उपाय म्हणून मधोमध वाळूची पिशवी टांगावी व पाय आखूड ठेवावेत. कायमचा उपाय म्हणजे डॉब्सन बैठक. तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात १९४४ पासून साधक म्हणून राहत होता. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून तो आरसे करी, पुठ्ठ्याच्या नळ्या व टाकाऊ लाकूड वापरी आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना चंद्र दाखवी. या छंदापायी मठातील अनुपस्थिती वाढल्याने १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. दुर्बीण त्याने सोडली नाही. त्याची बैठक म्हणजे एक लाकडी पेटी : तळाशी फिरणारी पाटी, बाजूंना दोन अर्धवर्तुळाकार खाचा, त्यांत विसावलेली नळी. अठरा मिलिमीटरचे प्लायवूड, वर सनमायका आणि घासणाऱ्या जागी टेफ्लॉनचे लहान तुकडे, एवढ्यावर ती लोण्यासारखी फिरते व हात काढताच थांबते. गावचा सुतार ती दोन दिवसांत करतो. टेफ्लॉनचा टाकाऊ तुकडा मिळविणे औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यास अवघड जाऊ नये.

काही दुर्बिणींस वजने लावलेली, तिरक्या अक्षाची विषुववृत्तीय बैठक असते. ती बदलण्याची घाई करू नये. मात्र तिचा अक्ष परदेशी अक्षांशास लावून आलेला असतो. चाकणचा अक्षांश सुमारे पावणेएकोणीस अंश असल्याने तो अक्ष क्षितिजापासून तितकाच वर, उत्तरेकडे, ध्रुवताऱ्याच्या रोखाने असला पाहिजे.

नेत्रिकेविषयीचा हिशोब सातवीच्या मुलास करता येतो. मुख्य आरशाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले, की वाढ मिळते. १२०० ला २५ ने भागले, तर ४८. १० ने भागले, तर १२०. सोबत येणारी चार किंवा सहा मिलिमीटरची नेत्रिका सहसा निकृष्ट असते व अनेक शिक्षक ‘अधिक मोठे दिसेल’ म्हणून तिच्यापासूनच आरंभ करून निराश होतात. २५ व १० मिलिमीटरच्या प्लॉसल जातीच्या दोन नेत्रिका शाळेस वर्षानुवर्षे पुरतात. नव्या आरशाच्या मानाने हा खर्च किरकोळ असून फरक मात्र ताबडतोब जाणवतो. कमी वाढीला दृष्टिक्षेत्र मोठे असते, हेही विसरू नये. पृथ्वीच्या परिवलनामुळे ४८ पट वाढीत ग्रह सुमारे चार मिनिटांत दृष्टिक्षेत्र ओलांडतो. १२० पटींत जेमतेम दीड-पावणेदोन मिनिटांत. चाळीस मुलांची रांग उभी असताना हा फरक मोलाचा ठरतो.

या पट्ट्यातील खरी अडचण उजेडाची आहे. कारखान्यांच्या आवारातील, महामार्गावरील आणि गृहसंकुलांतील दिव्यांनी आकाश रात्रभर उजळलेले असते. आकाशगंगेचा पट्टा येथील अनेक मुलांनी कधी पाहिलेलाच नाही. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड विशिष्ट रंगांचा असल्याने गाळण्या वापरून काही अंशी अडविता येत असे. आता सर्वत्र आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या उजेडात सर्वच रंग मिसळलेले असतात, म्हणून गाळण्यांवर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा नळीच्या आतील बाजूस, विशेषतः नेत्रिकेसमोरच्या भागास, बिनचकाकीचा काळा रंग द्यावा, नळीच्या तोंडावर काळ्या जाड कागदाची वीतभर लांब नळी जोडावी आणि पाहणाऱ्याच्या डोक्यावर गडद कापड टाकावे. शाळेच्या आवारातील दिवा तासभर मालवण्याची विनंती ग्रामपंचायतीस लेखी करावी. ती सहसा मान्य होते.

सुदैवाने चंद्र व ग्रह यांना या उजेडाची फारशी बाधा पोहोचत नाही. चंद्र पौर्णिमेस पाहू नये. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा पाहावा. ४८ पट वाढीत गुरू हा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राहून किंचित मोठाच दिसत असतो. मुलांना तो तसा वाटत नाही, हा दृष्टीचा भ्रम आहे व त्यावर एक स्वतंत्र तास होऊ शकेल. गुरूचे चार मोठे चंद्र ओळीने चार रात्री पाहून वहीत त्यांच्या जागा मांडल्या, की ते फिरतात, हे सांगावे लागत नाही. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून काठाकडून, रेघेसारखी झाली होती; त्यानंतर ती वर्षागणिक रुंद होत असून २०३२ च्या सुमारास सर्वाधिक उघडलेली दिसेल. म्हणजे आज पाचवीत असलेले मूल शिक्षण संपवीपर्यंत दरवर्षी निराळा शनी पाहू शकते. शुक्राच्या कलाही दाखवाव्यात. तो चंद्रकोरीसारखा दिसतो, यावर मोठी माणसेदेखील प्रथम विश्वास ठेवीत नाहीत.

ताऱ्यांपैकी सप्तर्षीतील वसिष्ठ अवश्य दाखवावा. त्याच्या शेजारची अरुंधती चांगल्या दृष्टीस दुर्बिणीवाचूनही दिसते. परंतु दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा असल्याचे आढळते. आरसे जुळलेले आहेत की नाहीत, याची ही सोपी परीक्षा होय. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या दुर्बिणीस पुनर्वसूतील कॅस्टरची अधिक कठीण परीक्षा द्यावी. त्याचे दोन घटक बरेच जवळ आहेत व तेथे १२० पट वाढ लागेल. कृत्तिकांचा पुंजका आणि मृगातील तेजोमेघ हे चाकणच्या आकाशातूनही दिसतात, जरी दुसऱ्याचे पंख उजेडात विरघळलेले असले तरी. शाळेची सहल पश्चिमेकडे भीमाशंकर अथवा जुन्नरच्या बाजूस निघणार असेल, तर दुर्बीण बरोबर न्यावी. जुन्नर-घोडेगावच्या डोंगराळ भागात गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगावजवळ खोडद परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरल्या आहेत. त्या प्रकाशाऐवजी रेडिओलहरी एकवटतात, पण तत्त्व दाढीच्या आरशाचेच.

सूर्याविषयी स्वतंत्र सूचना देणे अगत्याचे आहे. दुर्बिणीतून अथवा तिच्या शोधक नळीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले, तरी दृष्टी कायमची जाते, आणि ती जाताना वेदना होत नाही. काही दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर लावण्याची लहान काळी काच ‘सूर्यासाठी’ म्हणून येते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते. ती ताबडतोब फोडून टाकावी, कपाटात ठेवू नये, कारण पुढील शिक्षकास तिचा धोका ठाऊक नसेल. दिवसा नळीवर झाकण असल्याखेरीज दुर्बीण वर्गाबाहेर आणू नये. सूर्य दाखवावयाचा असेल, तर पुठ्ठ्यास सुईने छिद्र पाडून त्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी.

पावसाळ्यात दुर्बीण बंद राहणारच. त्या काळात दोन्ही टोकांस झाकणे लावून, सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवून ती कोरड्या जागी आडवी ठेवावी व महिन्यातून एकदा उघडून वारा द्यावा. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत. त्यांची वाफ आरशावर बसते.

राहिला प्रश्न नोंदवहीचा. दुर्बीण जडवस्तू संग्रह नोंदवहीत एक नग म्हणून चढते आणि त्यातील नेत्रिका हरवली, तर वसुली आपल्याकडून होईल, या भीतीने शिक्षक तिला कुलपाबाहेर काढीत नाही. ही भीती अवास्तव म्हणता येणार नाही. म्हणून नोंद करतानाच नळी, बैठक, प्रत्येक नेत्रिका व शोधक नळी यांची वेगवेगळी नोंद करावी आणि आरशावर नवा थर देणे हा देखभालीचा खर्च आहे, दुरुस्तीचे नुकसान नव्हे, असे मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून ठेवावे. दुसरी अडचण बदलीची. जाणता शिक्षक बदलून गेला, की दुर्बीण मुकी होते. पुण्यातच याचे जुने उदाहरण आहे. विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या खटपटीने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकॅनॉलला रवाना झाली. शाळेत म्हणून निदान दोन शिक्षकांना व सातवीतील तीनचार मुलामुलींना आरसे जुळविता आले पाहिजेत. मुले पुढील वर्षी खालच्या वर्गास शिकवितात, हा क्रम आपोआप चालतो.

निरीक्षणाच्या रात्री रांगेतील प्रत्येकाच्या हाती वही-पेन्सिल असावी. पाहून झाल्यावर मुलाने शेजारच्या मंद तांबड्या उजेडात, तोंडाने काही न बोलता, जे दिसले तेच वर्तुळात काढावे. पुस्तकातील शनी काढू नये. नळीस हात लावू नये, लहानांसाठी पायाखाली स्टूल द्यावे. एका थोराड विद्यार्थ्यास केवळ ग्रह पुन्हा मध्यभागी आणण्याचे काम नेमून द्यावे. दुसऱ्या दिवशी सर्व चित्रे भिंतीवर लावून त्यांतील फरक मुलांनाच शोधू द्यावेत : कोणी गुरूचे तीन चंद्र काढलेले असतील, कोणी चार. चौथा कोठे गेला, याचे उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये. त्याच रात्री पुन्हा दुर्बीण लावावी.